बैठ्या भूमिकाखेळाचे सूत्रसंचालन : एक भाषिक विचार

खेळांचे मैदानी आणि बैठे असे दोन वर्ग मराठीत रूढ आहेत. मैदानी खेळाला अंगाची चपळाई लागते. बैठ्या खेळाला बहुधा पट, सोंगट्या, पत्ते किंवा कवड्या लागतात. परंतु गेल्या अर्धशतकात जगभर पसरलेला एक बैठा खेळ असा आहे, की त्याचे पटावाचून भागते, सोंगट्यांवाचूनही भागते. बोलण्यावाचून मात्र क्षणभरही भागत नाही. चार-पाच माणसे टेबलाभोवती अथवा सतरंजीवर बसतात. त्यांपैकी एक जण कथेतील जग उभे करतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात. आपले पात्र काय करू इच्छिते हे खेळाडू सांगतो, त्याचे फळ काय झाले हे पहिला सांगतो, आणि जेथे फळ अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. इंग्रजीत ‘टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळास प्रस्तुत लेखात ‘बैठा भूमिकाखेळ’ आणि तो चालविणाऱ्यास ‘सूत्रधार’ असे म्हटले आहे.

हा खेळ सुरळीत कसा चालवावा, याविषयी जो उपदेश केला जातो तो बहुतेक नियमांविषयी असतो. नियमग्रंथ पाठ असावा, कथानक आधी रचून ठेवावे, नकाशे काढावेत, इत्यादी. हा उपदेश चुकीचा नाही. पण तो दुय्यम आहे. खेळ प्रत्यक्षात अडतो तो बहुधा दुसऱ्याच ठिकाणी. एखादे वाक्य उच्चारले जाते, आणि ते कोण बोलले, खेळाडू की पात्र, तसेच ते बोलल्यामुळे कथेत काही घडले की नाही, याविषयी बसलेल्यांत एकमत राहत नाही. ज्या खेळात बोलणे हीच कृती, तेथे वाक्याचे स्वामित्व संदिग्ध राहिले की खेळच संदिग्ध होतो. यास्तव सूत्रधाराचे पहिले काम ही संदिग्धता वेळच्या वेळी दूर करणे हे होय. मराठीच्या व्याकरणात याला उपयोगी पडणारी साधने आहेत, तशीच काही फसविणारी स्थळेही आहेत. त्यांचा परिचय करून देणे एवढाच या लेखाचा हेतू.

१. पूर्वपीठिका

या खेळाचे एक मूळ युद्धशिक्षणात आहे. प्रशियन सैन्यातील अधिकारी राइसव्हिट्झ याने १८२४ मध्ये आपला युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात नकाशावर दोन पक्ष आपापले हुकूम लिहून देत आणि मधला पंच फासे व कोष्टके यांच्या आधारे निकाल सांगे. पुढे कोष्टके इतकी वाढली, की खेळ त्यांच्या ओझ्याखाली मंदावला. १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने याला उलट वळण दिले. अनुभवी पंचाचा निर्णय पुरेसा आहे, कोष्टकांची गरज थोडी, असे त्याचे म्हणणे. नियम मोठा की पंच मोठा, हा वाद अशा रीतीने दीडशे वर्षांचा आहे.

दुसरी महत्त्वाची घटना १९६९ मधील. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनकालीन एका काल्पनिक जर्मन नगराचा खेळ मांडला आणि प्रत्येकाला सैन्याऐवजी एकेक व्यक्ती दिली. खेळाडू पंचाला एकेकटे गाठून बोलू लागले, आपापसांत कारस्थाने करू लागले, आणि सगळा क्रम मोडला. वेस्लीला आपला प्रयोग फसला असे वाटले. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता. त्यांच्यापैकीच डेव्ह आर्नेसन याने गॅरी गायगॅक्स याच्यासह १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, आणि पुढील सर्व भूमिकाखेळ त्याचेच वंशज मानले जातात. त्या पहिल्या प्रयोगात गोंधळ झाला तो नियम कमी पडल्यामुळे नव्हे. बोलण्याची पाळी कोणाची आणि कोणाचे बोलणे कोणी ऐकायचे, हे ठरलेले नव्हते, हे त्याचे कारण.

योगायोग असा, की याच १९७४ साली गॉफमन याचा सामाजिक व्यवहारातील ‘चौकटीं’विषयीचा ग्रंथ आणि सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांचा संभाषणातील पाळीविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे गॅरी अॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये भूमिकाखेळांवर जो ग्रंथ लिहिला त्यात गॉफमनची दृष्टी या खेळाला लावून दाखविली. खेळ आणि त्याच्या अभ्यासाची साधने जणू एकाच वर्षी जन्मास आली.

२. मराठीतील जवळची रूपे

हा खेळ परका असला तरी त्याचे घटक मराठी समाजास परके नाहीत. भातुकली हे त्याचे सर्वांत जवळचे रूप. ‘तू चोर व्हायचं, मी पोलीस व्हायचं’ असे मुले म्हणतात तेव्हा ती कथेत नसतात, कथेविषयी बोलत असतात. आणि हे दाखविण्यासाठी ती ‘-आयचं’ हे रूप वापरतात. लगेच पुढे ‘चल, हात वर कर’ असे आज्ञार्थी बोलणे सुरू झाले की ती कथेत शिरलेली असतात. ‘खोटं खोटं’, ‘लुटुपुटीची लढाई’ हे शब्दप्रयोगही तेच काम करतात. ग्रेगरी बेटसन याने १९५५ च्या आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले, की ‘हा खेळ आहे’ असा संकेत परस्परांना देता आल्याशिवाय कोणतीही क्रीडा संभवत नाही. हे तत्त्व मराठी मुलांना निबंध न वाचताच ठाऊक असते.

मोठ्यांच्या जगात तमाशातील वग हे दुसरे उदाहरण. परंपरागत वगात कथासूत्र ठरलेले असे, पदे ठरलेली असत. संवाद मात्र पुष्कळ अंशी आयत्या वेळी रचले जात. सोंगाड्या गावातील ताज्या घटनांवर बोलून कथा बाजूला नेई आणि सरदार तिला पुन्हा वाटेवर आणी. १९६५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याची संहिता लिहिलेली असूनही दादा कोंडके यांच्या उत्स्फूर्त भरीमुळे त्याचा प्रत्येक प्रयोग वेगळा होई. विदर्भातील दंडार आणि खडी गंमत यांतही आयत्या वेळच्या बोलण्यास मोठी जागा आहे. भूमिकाखेळाच्या सूत्रधाराने घेण्याजोगा धडा येथे स्पष्ट आहे. कथेचे सूत्र एकाच्या हाती असावे, पण शब्द सर्वांचे असावेत.

एक भेद मात्र विसरता कामा नये. वगाला प्रेक्षक असतो, भूमिकाखेळाला नसतो. येथे जो ऐकतो तोच पुढच्या क्षणी बोलणार असतो. म्हणून वगात एका नटाने फड मारून नेला तर ते कौतुकास्पद. भूमिकाखेळात एकानेच सर्व वेळ खाल्ला तर तो खेळाचा नाश.

३. तीन पातळ्या आणि क्रियापदाचे लिंग

फाइनने दाखविल्याप्रमाणे बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तिघे असतो : घरदार असलेली व्यक्ती, नियम व फासे पाहणारा खेळाडू आणि कथेतील पात्र. ‘मला तहान लागली’ हे वाक्य तिघांपैकी कोणाचेही असू शकते. पाण्याचा तांब्या आणून द्यावा, की कथेत विहीर शोधावी?

हा प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक काल्पनिक बैठक घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव या तालुक्याच्या गावी पाच जण असा खेळ मांडतात असे समजू. कथेचा काळ ऑगस्ट १९४८. त्या वेळी पैनगंगेच्या उत्तरेस मध्यप्रांत व वऱ्हाड आणि दक्षिणेस निजामाचे हैदराबाद संस्थान होते. १३ सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस कारवाई अजून महिन्याच्या अंतरावर होती. माहूरच्या बाजूची काही माणसे करोडगिरीच्या नाक्याची नजर चुकवून, पुराच्या पाण्यातून, रात्री वऱ्हाडात येऊ पाहत आहेत. पात्रे चार : एक नावाडी, एक शाळामास्तर, एक कापसाचा दलाल आणि एक म्हातारी. पाचवा सूत्रधार.

म्हातारीचे पात्र एका तरुणाने घेतले आहे असे धरू. तो ‘मी नावेत चढले’ असे म्हणाला, तर ते पात्राचे बोलणे. ‘मी जरा बाहेर जाऊन आलो’ म्हणाला, तर ते व्यक्तीचे. मराठीतील क्रियापद कर्त्याचे लिंग सांगते, आणि त्यामुळे बोलणारा कोणत्या पातळीवर आहे हे एका प्रत्ययात कळते. इंग्रजीत ही सोय नाही. परंतु या साधनाला मर्यादा आहे. ‘मी दोर सोडला’, ‘मी वल्ही उचलली’ या वाक्यांत प्रयोग कर्मणी आहे. दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शाळेत शिकविल्या जाणाऱ्या परिभाषेत सांगायचे तर, येथे क्रियापद कर्माच्या तंत्राने चालते. तरुण बोलो की म्हातारी, रूप एकच. म्हणजे सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ आला, की बोलणाऱ्याची ओळख पुसली जाते. आणि खेळातील महत्त्वाच्या कृती बहुधा सकर्मकच असतात : दोर सोडणे, दार उघडणे, पत्र फाडणे.

यावर उपाय साधा आहे. अशा जागी सूत्रधाराने वाक्य परत घेऊन, पात्राचे नाव घालून, ते पुन्हा उच्चारावे : ‘म्हातारीने दोर सोडला, असे म्हणता ना?’ या एका प्रश्नाने पातळी निश्चित होते आणि पुढचा तंटा टळतो.

सर्वनामांचेही असेच आहे. ‘आपण’ हे मराठीत ऐकणाऱ्यास समाविष्ट करणारे अनेकवचन आहे आणि आदरार्थी द्वितीय पुरुषही आहे. ‘आपण आता थांबतो’ आणि ‘आपण आता थांबता’ यांतील फरक केवळ क्रियापदात आहे. सूत्रधाराने ‘आपण’ हा शब्द सर्व मंडळींच्या सामायिक गोष्टींसाठी, म्हणजे चहा, वेळ, नियम यांसाठी राखून ठेवावा. पात्रांच्या समूहाला ‘तुम्ही’ म्हणावे आणि एकट्या पात्राला त्याच्या भूमिकेच्या नावाने हाक मारावी. याचा आणखी एक लाभ होतो. मंडळींत कोणी काका, कोणी पुतण्या असेल, आणि कथेत पुतण्या हा नाकेदार व काका हा पकडलेला दलाल असेल, तर ‘तू’ म्हणताना पुतण्याची जीभ अडते. ‘ए दलाल’ अशी हाक मात्र तो मोकळेपणाने मारू शकतो, कारण ती काकांना नसते.

४. भूतकाळाचा अधिकार

आता मुख्य मुद्दा. नावाड्याचा खेळाडू म्हणतो, ‘मी नाव सोडली.’ मास्तरांचा खेळाडू उसळून म्हणतो, ‘थांबा, मी अजून चढलोच नाही!’ नाव सुटली की नाही? पहिल्याच्या मते सुटली, कारण तो तसे म्हणाला. दुसऱ्याच्या मते नाही, कारण तोही काही करणार होता. सूत्रधार गोंधळला, तर येथे बराच वेळ वाद चालतो आणि पुराच्या रात्रीचा सारा रंग उडून जातो.

हा वाद नियमग्रंथाने सुटणारा नाही, कारण तो क्रियापदाच्या काळाचा आहे. ऑस्टिन याने १९५५ च्या व्याख्यानांत, जी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली, असे दाखविले की काही वाक्ये घटनेचे वर्णन करीत नाहीत, ती घटना घडवितात. मात्र बोलणाऱ्यास तसा अधिकार असावा लागतो. सभा संपल्याचे अध्यक्षाने जाहीर केले की ती संपते. श्रोत्याने केले तर संपत नाही. भूमिकाखेळात ‘नाव सुटली’ हे असेच वाक्य आहे. ते ज्याला म्हणण्याचा अधिकार, त्याने म्हटले की कथेत नाव सुटते.

तो अधिकार कोणाचा, हे बैठकीच्या आरंभीच ठरवावे. आणि ते ठरविण्याची सर्वांत सोपी रीत पुढीलप्रमाणे आहे. भूतकाळ सूत्रधाराचा; वर्तमान आणि इच्छा खेळाडूंची. खेळाडूने ‘नाव सोडतो’ किंवा, त्याहून बरे, ‘नाव सोडून पाहतो’ असे म्हणावे. मराठीतील ‘-ऊन पाहणे’ हे संयुक्त क्रियापद प्रयत्न सांगते, फळ सांगत नाही. या खेळाला याहून नेमके रूप मिळणे कठीण. मग सूत्रधाराने इतरांकडे पाहावे : ‘मास्तर, नावाडी दोर सोडतो आहे. तुम्ही काठावर आहात. काय करता?’ मास्तरांचे उत्तर ऐकून, हवे तर फासे टाकून, शेवटी त्याने भूतकाळात निकाल द्यावा : ‘नाव सुटली. मास्तरांचा एक पाय नावेत पडला, पुस्तकांची पिशवी काठावर राहिली.’ हा भूतकाळ उच्चारला गेला की ते घडले. त्यानंतर त्यावर चर्चा नाही.

येथे मराठीच्या एका लकबीची सूचना देणे अवश्य आहे. आपण ‘आलो!’ असे म्हणतो ते अजून उठलेलोही नसताना. ‘मी निघालो’ असे म्हणणारा माणूस पुढे बराच वेळ उंबऱ्यात बोलत असतो. निकटच्या भविष्यासाठी भूतकाळ वापरण्याची ही रीत इतकी स्वाभाविक आहे, की ‘मी पळालो!’ म्हणणाऱ्या खेळाडूचा हेतू बहुधा ‘मी पळू लागतो’ एवढाच असतो. सूत्रधाराने त्याला व्याकरणाचा धडा देऊ नये. त्याचे बोलणे प्रयत्न समजून स्वीकारावे आणि ‘तुम्ही पळू लागता, मागून कंदिलाचा उजेड येतो’ असे वर्तमानात उलटवून द्यावे. दोन-तीनदा असे झाले की मंडळींच्या तोंडी ती रीत आपोआप बसते.

वऱ्हाडी बोलीत तर हे रूप तयारच आहे. ‘मी दोर सोडून राहिलो’ हे वाक्य वऱ्हाडीत चालू क्रिया दाखविते, पूर्ण झालेली नव्हे. प्रमाण मराठीच्या कानाला ‘राहिलो’ हा भूतकाळ वाटेल. पण महागावच्या खेळाडूला तसे वाटणार नाही. दोर त्याच्या हातात आहे, तो सुटत आहे, अजून सुटलेला नाही. सूत्रधाराला नेमकी हीच अवस्था हवी असते.

५. पाळी, आणि न बोलणारा खेळाडू

सॅक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या निबंधाप्रमाणे संभाषणात पाळी तीन प्रकारे बदलते : बोलणारा पुढच्याला निवडतो, कोणी स्वतःहून उठून बोलतो, किंवा कोणीच न बोलल्यास पहिलाच पुढे चालू ठेवतो. सूत्रधाराने ‘बरं, आता काय करता?’ असा मोघम प्रश्न टाकला की दुसरा प्रकार सुरू होतो, आणि त्यात नेहमी तोच जिंकतो ज्याचा आवाज मोठा, वय जास्त किंवा भाषा सफाईदार. म्हणून प्रश्न नेमका असावा, नाव घेऊन असावा, आणि त्यात पात्राच्या हाती असलेली एखादी वस्तू अथवा माहिती असावी. ‘आजी, पिशवीत तुमच्या नातवाचे पत्र आहे आणि नाकेदार ती पिशवी मागतो आहे’ असे म्हटल्यावर सर्वांत अबोल माणसालाही बोलावेसे वाटते, कारण आता उत्तर त्याच्याशिवाय कोणीच देऊ शकत नाही.

येथे बोलीचा प्रश्न पुढे येतो, आणि तो किरकोळ नाही. यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे, गोंडी व कोलामी आहेत; दक्षिण सीमेवर पैनगंगेपलीकडच्या मराठवाड्याच्या बोलीची छटाही मिसळते. अशा प्रदेशात चार माणसे ‘मराठीत’ खेळू लागली की एक अलिखित नियम आपोआप लागू होतो : जो पुस्तकासारखे बोलेल त्याचे पात्र शहाणे. ज्याला ‘मला’ऐवजी ‘मले’ आणि ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणण्याची सवय, तो आधी वाक्य मनात दुरुस्त करतो, आणि तोवर त्याची पाळी निघून जाते. ज्याची घरची भाषा गोरमाटी, त्याला हे अंतर दुहेरी. खेळ रखडत नाही, वरवर पाहता सुरळीतच चालतो. फक्त दोघे खेळतात आणि दोघे पाहतात.

सूत्रधाराला यावर बरेच काही करता येते. कथनाची भाषा एक ठेवावी, पण पात्रांच्या तोंडची भाषा मोकळी सोडावी. कोणाचाही उच्चार कोणी सुधारू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रंगभूमीवरून आणि पाठ्यपुस्तकांतून आलेला एक संकेत मोडावा. तेथे बोली बहुधा गड्याच्या अथवा विनोदी पात्राच्या वाट्याला येते आणि प्रमाण भाषा साहेबाच्या. सूत्रधाराने आपल्या हातातील पात्रांपैकी तहसीलदाराला, वैद्याला, न्यायाधीशाला वऱ्हाडी बोलायला लावावे. अधिकाराचे शब्द एकदा त्या बोलीत ऐकू आले, की तीच बोली बोलणाऱ्या खेळाडूचा कणा ताठ होतो. म्हातारीने नाकेदाराला गोरमाटीत दोन शब्द सुनावले आणि ते नाकेदाराला कळले नाहीत, तर तो खेळातील अडथळा नव्हे; ती कथेतील घटना आहे, आणि ती तशीच वापरावी.

नवख्या खेळाडूसाठी मराठी मुलांनी एक संस्था निर्माण केलेली आहे : ‘कच्चा लिंबू’. लहान भावंड खेळात असते, धावते, पकडले जाते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. भूमिकाखेळात पहिल्या बैठकीपुरता नवख्याला कच्चा लिंबू ठेवावे. त्याचे पात्र असावे, त्याला पाळी मिळावी, पण त्याच्या चुकीने पात्राचे मोठे नुकसान होऊ नये. दुसऱ्या बैठकीपासून मात्र ही सवलत काढून घ्यावी. नाहीतर ती अपमान वाटू लागते.

६. फासे केव्हा टाकावेत

फाशांविषयी एकच नियम पुरतो. जेथे दोन्ही फळे संभवनीय आहेत आणि दोन्हींनी कथा पुढे जाते, तेथेच ते टाकावेत. मास्तरांना पाटी वाचता येते की नाही हे फाशांना विचारणे व्यर्थ. आणि अपयश आले तर कथाच संपणार असेल, तर फाशांना विचारणे घातक.

या खेळात अनेक पैलूंचे फासे वापरतात; वीस पैलूंचा फासा विशेष प्रसिद्ध. ते नसल्यास अडण्याचे कारण नाही. अष्टाचंग्यासाठी चिंचोके फोडून जी अर्धे करतात, तीच चार घ्यावीत. पांढरी आणि काळी बाजू सारख्याच संभवाने पडते असे धरल्यास सोळा शक्यतांपैकी निदान एक पांढरे पडण्याच्या पंधरा, निदान दोन पडण्याच्या अकरा, निदान तीन पडण्याच्या पाच आणि चारही पांढरी पडण्याची एक. सोपे काम, मध्यम काम, अवघड काम आणि जवळजवळ अशक्य काम, अशी चार पायऱ्यांची सोय चार चिंचोक्यांत झाली. टाकण्यापूर्वी सूत्रधाराने दोन वाक्ये बोलावीत : किती पांढरी हवीत, आणि न पडल्यास काय होईल. फळ आधी सांगितलेले असले की पडलेल्या दानावर कोणी वाद घालत नाही.

नियमाविषयी शंका निघाल्यास सूत्रधाराने तेथल्या तेथे निर्णय द्यावा, तो कागदावर टिपून ठेवावा, आणि नियम पाहण्याचे काम बैठकीनंतर करावे. पुढच्या वेळी ग्रंथाप्रमाणे वागावे, पण घडलेले बदलू नये. फेर्डी द्यू व्हेर्न्वाची बाजू बैठकीत घ्यावी आणि राइसव्हिट्झची बैठकीबाहेर, म्हणजे दोघांनाही न्याय मिळतो.

७. खेळ थांबविण्याचा शब्द

वर घेतलेली १९४८ ची कथा निर्दोष करमणुकीची नाही. त्या वर्षीच्या मराठवाड्यात कोणाचे घर जळले, कोणाला गाव सोडावे लागले. पोलीस कारवाईपूर्वी सोसलेली कुटुंबे आहेत, तशीच कारवाईनंतर सोसलेलीही आहेत. सतरंजीवर बसलेल्या कोणाच्या घरी यांपैकी कोणती आठवण आहे, हे सूत्रधाराला नेहमीच ठाऊक असते असे नाही. म्हणून कथा मांडण्यापूर्वी, पहिल्या पातळीवर, व्यक्ती म्हणून, सर्वांना विचारावे : कोणत्या गोष्टी कथेत नकोत, आणि कोणत्या पडद्याआड राहिलेल्या बऱ्या.

एवढे करूनही मध्येच कोणाला असह्य झाले तर? मुलांकडे याचेही उत्तर आहे. ‘टाइमप्लीज’ म्हटले की पकडापकडी जागच्या जागी थांबते. का म्हटले हे कोणी विचारीत नाही, आणि पळणाऱ्याला त्याचा तोटा होत नाही. या शब्दाचे सामर्थ्य यात आहे, की तो कोणत्याही पात्राचा असू शकत नाही. तो नेहमी माणसाचाच असतो. प्रत्येक मंडळीने असा एक शब्द ठरवावा आणि सूत्रधाराने तो स्वतः एकदा सहज वापरून दाखवावा, म्हणजे इतरांना तो वापरण्याचा संकोच वाटणार नाही. थांबल्यानंतर तो प्रसंग वगळावा, बदलावा किंवा चहा घेऊन पुढे जावे. कारणमीमांसा मागू नये. रडीचा डाव खेळणारा हा शब्द क्वचित गैर वापरीलही. तेवढी किंमत थोडीच आहे.

८. समारोप

सूत्रधाराची पूर्वतयारी किती असावी, याचे उत्तर वरील विवेचनातून निघते. संपूर्ण कथानक लिहून आणणाऱ्याने भूतकाळ घरीच संपवून टाकलेला असतो. मग खेळाडूंच्या वर्तमानाला जागा उरत नाही. त्याऐवजी स्थळे, त्या स्थळी असणारी माणसे, त्या प्रत्येकाला काय हवे आहे, आणि कोणी काहीच केले नाही तर काय घडेल, एवढे एका कागदावर असावे. पूर चढतो आहे, पहाटे नाक्यावरचा पहारा बदलणार आहे, नाकेदाराला बढती हवी आहे, नावाड्याचा भाऊ त्याच्या चाकरीत आहे : इतके हाती असले की रात्र पुरते.

बैठक संपताना सूत्रधाराने शेवटची स्थिती एका वाक्यात सांगावी. पुढच्या बैठकीच्या आरंभी मात्र ‘मागच्या वेळी काय झाले?’ हे त्याने स्वतः सांगू नये. ते खेळाडूंनी सांगावे, आणि दर वेळी वेगळ्याने. तेथे प्रथमच भूतकाळ त्यांच्या स्वाधीन होतो. नावाडी सांगेल ती रात्र वेगळी, म्हातारी सांगेल ती वेगळी. मास्तरांना काठावर राहिलेली पुस्तकेच आधी आठवतील. सूत्रधाराने ऐकावे आणि दुरुस्ती कमीत कमी करावी. मागच्या बैठकीत जो सर्वांत कमी बोलला, त्याच्याकडे हे काम प्रथम द्यावे; आणि ते त्याने त्याच्या बोलीत करावे. तो ‘मंग काय झालं, पाणी वाढून राह्यलं होतं’ असे म्हणून सुरुवात करील, आणि इतर ऐकतील. खेळ सुरळीत चालला आहे याची याहून मोठी खूण नाही.